ऑक्सिजनची चावी
शेजारच्या शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, कोणी तणनाशक फवारलं की त्या उग्र वासासरशी मला वाशिमच्या दवाखान्यातली ती दुपार आठवते. तणनाशकाच्या पंपाचं तुंबलेलं नोझल धाकट्या भावाने, आम्ही सगळेच करतो तसं, तोंडाने ओढून मोकळं केलं होतं. "कडू लागलं दादा, बाकी काई नाई," म्हणून तो हसलाही होता. पाचव्या दिवशी, त्या दवाखान्यात, त्याचे ओठ निळे पडले. आपण सांगितल्याशिवाय ऑक्सिजन लावायचा नाही, असं डॉक्टरांनी नर्सला माझ्यादेखत बजावलं होतं. "मले हवा लाव ना, दादा. पाहून काय राह्यला?" तो म्हणाला, आणि नर्स बाहेर जाताच मी मास्क लावून चावी पूर्ण उघडली. त्याचा चेहरा निवळला. बऱ्याच वेळाने डॉक्टर आले आणि ओरडले, "कोणी उघडलं हे? ते तणनाशक पेशीतले इलेक्ट्रॉन ओढून ऑक्सिजनला देतं, आणि तोच ऑक्सिजन मग फुफ्फुस जाळतो!" सगळ्यांच्या नजरा नर्सकडे वळल्या. मीही तिच्याकडेच पाहिलं. दोन दिवसांनी भाऊ गेला. आई आजही त्या नर्सला शाप देते, आणि मी शेजारी बसून ऐकून घेतो.