निझ्वाच्या वाटेवरचा राष्ट्राध्यक्ष

शुक्रवारी निझ्वाला जायचं ठरलं ते बकऱ्यांच्या बाजारासाठी, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं तर माझ्या नवऱ्याला, सुनीलला, घरातून पळायचं होतं. आमच्या मस्कतच्या मराठी मंडळात गणपतीच्या जेवणावरून दोन तट पडलेत, घरी रांधणारे आणि केटरिंगवाले. मी कट्टर रांधणारी. दोन्ही तटांनी सुनीलला अध्यक्ष होण्याची गळ घातली होती आणि संध्याकाळपर्यंत उत्तर हवं होतं. तो नाही म्हणाला तर यंदा दोन गणपती बसणार. आमची इरा पुढच्या वर्षी कॉलेजसाठी पुण्याला जाईल. तिच्या मैत्रिणी नेमक्या दुसऱ्या तटातल्या. तिचा इथला शेवटचा गणपती असा अर्धामुर्धा व्हावा, याचं मला फार वाईट वाटत होतं.

मस्कतमधल्या आमच्या अल् खुवैरहून उजाडायच्या आत निघालात तर रस्ता मोकळा मिळतो आणि दीडेक तासात निझ्वा येतं. वाटेतल्या पंपावर करक, म्हणजे इथला कडक दुधाचा चहा, आणि चिप्स भरलेला पराठा घ्याच, पोट भरतं आणि खिशालाही कळत नाही.

मागच्या सीटवर इरा शाळेच्या प्रेझेंटेशनची तयारी करत होती. विषय होता डॉमिनिकन रिपब्लिकचा शंभरेक वर्षांपूर्वीचा एक राष्ट्राध्यक्ष.

"बाबा, तिथे दोन पार्ट्या होत्या. एकीचं सिम्बॉल शेपटीवाला कोंबडा, दुसरीचं बिनशेपटीचा. सिरियसली. या प्रेसिडेंटने रोड्स बांधले, तरी लोक अँग्री. मग तो इव्हनिंगला बग्गीतून फिरायला गेला आणि त्याला मारून टाकलं."

"सोबत कोणी नव्हतं?" सुनीलने विचारलं.

"ऑलमोस्ट कोणी नाही."

सुनीलने आरशात मागचा रस्ता पाहून घेतला.

बाजार सकाळी लवकरच आटोपतो. विकणारे बकऱ्या घेऊन गोल फिरतात, घेणारे बसून दात तपासतात, आणि इतक्या गलक्यातही कोणी कोणावर डाफरत नाही. नंतर किल्ला पाहिला. तिकीट मला जरा महागच वाटलं, पण जिने बघण्यासारखे आहेत. दर वळणावर दार, आणि दारावर शत्रूच्या डोक्यात उकळता खजुराचा पाक ओतायला भोक.

सुनील एका भोकाखाली उभा राहून हसला. "एवढा बंदोबस्त करूनसुद्धा इथे राज्य करणाऱ्या इमामाला लोकांना भेटावंच लागत असणार."

खजुरांच्या सावलीत मिश्काक, म्हणजे सळईवर भाजलेलं मटण, खाताना त्याने दोन्ही तटांना एकत्र फोन लावला. "मी होतो अध्यक्ष. गणपती एकच. नैवेद्य घरचा, पंगत केटरिंगची. खलास."

मला विचारलंसुद्धा नाही. परतीचा अर्धा रस्ता मी त्याच्याशी बोलले नाही. पण इरा मागे मैत्रिणींना मेसेज करत खुदुखुदु हसत होती, आणि डोंगरांवर उतरतं ऊन छान दिसत होतं. माझा राग फार टिकला नाही.

घरी आल्यावर ओमानी हलव्याचा डबा उघडतेय तोच रांधणाऱ्यांच्या पुढारी नीताताईंचा फोन आला. सुनील आत झोपला होता.

"अगं, तुझा नवरा फुटला की."

"हो, फुटला," मी म्हटलं. "आता त्याला जे काही बोलायचं ते आधी मला बोला. मी दारातच बसलेय."