अठ्ठावीस वर्षं न पाहिलेली झुंज

कासिल्दा आमच्या रिंगणात अठ्ठावीस वर्षं उशा भाड्याने देतेय आणि गेल्या सप्टेंबरपर्यंत तिने बैलाची एकही झुंज पाहिलेली नव्हती. हे सांगितलं की बाहेरगावचे पाहुणे हसतात. हसू देत. दगडाच्या बाकावर अडीच तास बसले की उशीवालीची किंमत त्यांना आपोआप कळते.

मी तिच्या शेजारच्या दारावर तिकिटं फाडतो. मला सगळे बार्तोलो म्हणतात. सकाळी कासिल्दा पाहुण्यांना रिंगण दाखवते. त्या पिवळ्या वाळूत मधोमध उभी राहून दोनशे वर्षांपूर्वीचे खांब, वरच्या कमानी, बैल कुठल्या दाराने येतो आणि मेल्यावर खेचरं त्याला कुठल्या दाराने ओढून नेतात, सगळं घडाघडा सांगते. तिसऱ्या दाराबद्दल मात्र कुणी विचारलं तरच बोलते. जखमी माणसाला त्या दाराने आणतात. बाहेर आलं की उजवीकडे डॉक्टरची खोली आणि डावीकडे कासिल्दाचं उशांचं टेबल. टेबल तिथे का मांडतेस, असं मी एकदा विचारलं होतं. "मला आधी कळलं पाहिजे," एवढंच म्हणाली.

तिचा नवरा लिआंद्रो. तो बैलाला शेवटी तलवारीने मारणारा मातादोर नव्हे, मातादोरच्या हाताखाली जे तिघे असतात त्यातला तिसरा. कागदी झालर लावलेल्या दोन टोकदार काठ्या घेऊन बैलाच्या समोर धावत जायचं, त्या त्याच्या खांद्यात रोवायच्या आणि कठड्याकडे पळ काढायचा, हे त्याचं काम. पोस्टरवर त्याचं नाव बारीक अक्षरात असतं, तेही कागद उरला तर.

आमच्याकडे अशा माणसांच्या बायका झुंजीच्या दिवशी घरी देवासमोर मेणबत्ती लावून फोनजवळ बसतात. कासिल्दाला पोटासाठी रिंगणातच यावं लागायचं, म्हणून तिने रिंगणाकडे पाठ करून बसायचा नेम धरला. पाहायचं नाही, फक्त ऐकायचं. लोकांतून एकदम "ओले!"ची आरोळी उठली की काम छान चाललंय. बँड वाजला की त्याहून छान. शिट्ट्या आल्या की मातादोर भित्रा निघालाय, आणि आता लोक चिडून तिच्याच उशा वाळूत भिरकावणार. त्या लोकांच्या हातांना ती अशा काही शिव्या द्यायची की मीसुद्धा दुसरीकडे बघायचो.

लिआंद्रोला बावन्न वर्षं झाली तेव्हा त्याच्या उजव्या गुडघ्याने बंड पुकारलं होतं. त्याने ठरवलं, सप्टेंबरच्या जत्रेतली झुंज शेवटची. मग शेंडी कापायची. आमच्या धंद्यात निवृत्तीचं पत्र नसतं. डोक्यामागे चिमूटभर शेंडी असते, हल्ली खोटीच, पिनेने लावलेली. ती भर रिंगणात, लोकांसमोर, घरच्या माणसाने कापली की माणूस सुटला. कासिल्दाने कात्रीला महिनाभर आधीच धार लावून घेतली. तिला एवढंच हवं होतं की त्या दिवशीही तो स्वतःच्या पायांवर बाहेर यावा. बाकी देवाकडे काही मागणं नव्हतं.

आणि नेमका त्याच सकाळी मी घोळ घातला. लिआंद्रोला कपडे चढवायला मी त्यांच्या घरी गेलो होतो. ती विजार इतकी तंग असते की वर ओढायला दोन माणसं लागतात. हात मोकळे हवेत म्हणून मी टोपी काढली आणि पलंगावर ठेवली. लहान पोरालाही कळतं की झुंजीच्या दिवशी पलंगावर टोपी ठेवायची नसते. साठ वर्षांचा असून मला कळलं नाही. आरशात लिआंद्रोचा चेहरा पांढरा पडलेला दिसला. कासिल्दा पुढे आली, दोन बोटांत टोपी धरली आणि खिडकीतून रस्त्यावर टाकली.

"बार्तोलो," ती म्हणाली, "आज माझ्याशी बोलू नकोस."

मी खाली उतरलो. एका गाडीच्या चाकाखालून टोपी काढली, झटकली आणि गुपचूप कामावर गेलो.

त्या दिवशीची झुंज जुन्या काळच्या पोशाखातली असते. गावातल्या बायका जाळीच्या ओढण्या घेऊन घोडागाडीतून येतात आणि झुंजणारेही खापरपणजोबांच्या वेळचे कपडे घालतात. लिआंद्रोचा नेहमीचा हिरवा पोशाख घरी राहिला. सगळ्यांच्या अंगावर एकसारखी तपकिरी मखमल. गुलाबी मोजे मात्र त्याने जुनेच घातले. नवे मोजे त्याला अपशकुनी वाटतात, म्हणून कासिल्दाने डाव्या घोट्यापाशी रफू करून दिलं होतं. धागा जरा गडद गुलाबी मिळाला होता.

एका दिवसात सहा बैल, तीन मातादोरांना दोन-दोन. लिआंद्रोच्या मातादोरच्या वाट्याला तिसरा आणि सहावा बैल होता. तिसऱ्याच्या वेळी सगळं सुखरूप पार पडलं. कासिल्दाने माझ्याकडे न बघता एक सुस्कारा सोडला. मग सहावा आला. काठ्यांसाठी कर्णा वाजला आणि थोड्याच वेळात पाच हजार माणसांचा श्वास एकदम आत गेला. तो आवाज ज्याने एकदा ऐकलाय त्याला समजावून सांगावा लागत नाही. कासिल्दा उठून उभी राहिली. तिने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या डोक्यावरच्या टोपीकडे. मी टोपी काढून खिशात कोंबली, पण आता काय उपयोग.

तिसरं दार उघडलं. चौघांनी एकाला उचलून आणलं होतं. त्याचं तोंड त्यांच्या दंडांआड गेलेलं, कपडे तेच तपकिरी. कासिल्दाने तोंडाकडे पाहिलंच नाही. ती खाली वाकली आणि त्याचा डावा घोटा पाहिला. मोजा कोरा करकरीत होता.

"हा नाही," ती म्हणाली आणि मटकन खुर्चीत बसली. मग लगेच छातीवर क्रूस काढला. "बार्तोलो, मला आनंद झाला रे. दुसऱ्याचं पोर रक्तात आहे आणि मला आनंद झाला."

"मलाही झाला," मी म्हणालो. खोटं कशाला बोलू?

तो इसिद्रो होता, लिआंद्रोचा जोडीदार, जेमतेम सव्वीस वर्षांचा. थोड्याच वेळात आतून त्याचा आवाज आला. तो त्या बैलाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. शिंग आत गेलं नव्हतं. एक बरगडी मोडली, मांडी खरचटली आणि विजार फाटली, असं डॉक्टरने दारातून सांगितलं. आम्ही दोघं वेड्यासारखे हसलो. सकाळपासून ती पहिल्यांदा माझ्याशी बोलत होती.

हसता हसता ती थांबली. "मग आता काठ्या कोण रोवणार?"

तिघांतला एक फक्त बैलाला कापडाने वळवतो, काठ्या उरलेले दोघेच रोवतात. इसिद्रो बाहेर, म्हणजे त्याच्या वाटणीच्या काठ्याही लिआंद्रोच्याच हातात येणार होत्या. कासिल्दा टेबल उघडं टाकून जिन्याकडे निघाली. मीही दार सोडून तिच्यामागे गेलो. त्या दिवशी कुणी फुकट आत शिरलं असेल तर शिरो.

जिन्याच्या तोंडाशी ती उभी राहिली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिने झुंजीकडे तोंड केलं. खाली वाळूत लिआंद्रो एकटा होता. दोन्ही हात वर, हातांत झालरीच्या काठ्या. उजवा पाय किंचित ओढत तो बैलाला हाका मारत होता. बैल निघाला. लिआंद्रोही त्याच्याच दिशेने निघाला.

"हा पुढे कुठे चाललाय?" कासिल्दा कुजबुजली. "तो तर म्हणतो, बैल लांबून जातो. रस्त्यावरून बस जाते तसा."

शिंग त्याच्या पोटासमोरून गेलं. मध्ये फार तर ओंजळीएवढी जागा असेल. काठ्या रुतल्या आणि लिआंद्रो पळाला. दुखऱ्या गुडघ्याने दगा दिला म्हणून त्याने कठड्यावरून सरळ डोक्यावर उडी घेतली. पाय वर, डोकं खाली. लोक हसले, मग उभे राहून टाळ्या वाजवू लागले. तो उठला, वाळू झटकली आणि दुसरी जोडी मागून घेतली. ती जोडी लागेपर्यंत कासिल्दाची नखं माझ्या दंडात होती. चार दिवस वळ गेले नाहीत.

बँड सुरू झाला. "संपलं?" तिने विचारलं. त्याचं संपलं, मी सांगितलं. पुढे मातादोरने बैलाचं काय केलं ते मला विचारू नका. ती लिआंद्रोकडे बघत होती आणि मी तिच्याकडे.

बैलाला ओढून नेल्यावर मातादोरने लिआंद्रोला हाताला धरून मध्यावर आणलं. कासिल्दा एप्रनसकट, कात्री घेऊन वाळूत उतरली. मी कठड्याला टेकून उभा होतो. रिंगण इतकं शांत झालं की त्यांचा शब्दन् शब्द ऐकू येत होता.

"लांबून जातो म्हणे," ती म्हणाली.

"जातो तसा."

"मी वर होते आज. दोन्ही वेळा पाहिलं."

लिआंद्रो खाली बघू लागला.

"पहिल्याच वर्षी पाहिलं असतं ना," ती म्हणाली, "तर ही शेंडी तू झोपलेला असतानाच कापली असती."

"म्हणून तर सांगितलं नाही."

"वळ."

तो वळला. तिने कात्री अशी चालवली की खोट्या शेंडीबरोबर खऱ्या केसांचाही एक पुंजका कापला गेला. टोप्या हवेत उडाल्या, बँड वाजला. लिआंद्रोने लोकांना हात करावा अशी सगळे वाट बघत होते. पण कासिल्दाने त्याला स्वतःकडे फिरवलं आणि शेंडी एप्रनच्या खिशात टाकून त्याला चाचपायला सुरुवात केली. आधी दंड, मग बरगड्या, पोट, मांड्या. पायरीवरून पडलेल्या पोराला तपासावं तसं. पाच हजार माणसं बघत होती आणि बावन्न वर्षांचा लिआंद्रो हात बाजूला धरून मुकाट उभा होता.

"सगळं आहे," ती म्हणाली, आणि मग रडली.