आबांच्या डाव्या डोळ्यापुढचं कुत्रं

मी हायस्कुलात पदार्थविज्ञान शिकवणारा माणूस. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की उठून जायचो, अजूनही जातो. पण हे घडलं माझ्याच खोलीत... कोल्हापुरात, शुक्रवार पेठेत, रविवारी सकाळी दहाच्या लख्ख उन्हात. साल पन्नास किंवा एक्कावन्न.

मला जुनी जोडचित्रं जमवायचा नाद होता. एका पुठ्ठ्यावर शेजारी शेजारी दोन फोटो, दिसायला जवळजवळ सारखेच. स्टिरिओस्कोपला, म्हणजे डोळ्यांना लावायच्या दोन भिंगांच्या यंत्राला, लावून पाहिलं की डाव्या डोळ्याला डावा फोटो दिसतो, उजव्याला उजवा. मधे लाकडी फळी असते, त्यामुळे एका डोळ्याला दुसऱ्याचा फोटो दिसत नाही. आणि एकदम घाट, हत्ती, माणसं सगळं उभं राहतं — आत हात घालावा इतकं खोल!

या नादापायीच जुन्या बाजारात आबा भेटले. कबनूरला मागावर काम करायचे. दोघांनी एकाच पुठ्ठ्याला हात घातला. त्यांनी तो सोडला नाही, पण मला चहा पाजला. मग दर रविवारी माझ्याकडे येऊ लागले. दोन-तीन वर्षांत त्यांची एक ट्रंक भरली.

आणि एक दिवस मागावर सूत घेऊन धावणारा धोटा उडून त्यांच्या डाव्या डोळ्याला लागला. डोळा काढावाच लागला. पापणीखाली नुसती खाच राहिली. काही महिन्यांनी आबा ट्रंक घेऊन आले.

“मास्तर, ह्ये तुमीच ठेवा. एका डोळ्याला समदं भिताडागत सपाट. माझ्या काय कामाचं न्हाय आता.”

खोटा धीर कसा देणार? चित्रातली खोली दिसायला दोन डोळे लागतात, हे मीच त्यांना समजावलं होतं. ट्रंक ठेवून घेतली.

चंदगडचे एक डॉक्टर पत्रांतून मित्र झाले होते, त्यांनाही हाच नाद. आबांच्या संग्रहातलं काही निवडून न्यायला ते त्या रविवारी आले. पहिलीच भेट. आबाही आपल्या हातानं द्यायचं म्हणून आले होते. डॉक्टरांनी फडक्यात बांधून एक जोडचित्र आणलं होतं, आम्ही कुणी कधी न पाहिलेलं. मान म्हणून त्यांनी स्टिरिओस्कोप आधी आबांच्या हाती दिला. मला अवघडल्यासारखं झालं. आबांनी तो डोळ्यांना लावल्यावर डॉक्टरांनी पुठ्ठा आत सरकवला.

आबांनी स्टिरिओस्कोप उजेडाकडे वळवला. मग हळूच म्हणाले, “घाट हाय. पायऱ्या पार खोल गेल्यात... आणि तिसऱ्या पायरीवर कुत्रं झोपलंय.”

मी पुठ्ठा काढून बघितला. उजव्या फोटोत कुत्रं नव्हतंच. दोन्ही फोटो मागोमाग काढले असावेत, तेवढ्यात ते उठून गेलं असणार. कुत्रं होतं फक्त डाव्या फोटोत — म्हणजे नसलेल्या डोळ्यापुढे.

योगायोग, मी मनाला सांगितलं. पुठ्ठा आतल्या खोलीत नेला, पोस्टाचं एक तिकीट ओलं करून डाव्या फोटोत घाटावर पाणी भरणाऱ्या एका बाईच्या घागरीवर चिकटवलं, आणि न बोलता परत लावला.

“मास्तर,” आबा म्हणाले, “घागरीवर तिकीट कुणी लावलं?”

मग डॉक्टरांनी उजवं भिंग काळ्या कागदानं झाकलं. आता अंधारच दिसायला हवा.

“सपाट झालं की,” आबा कुरकुरले. “त्यो कागद काढा.”

कागद काढला तसा घाट त्यांना परत खोल दिसू लागला. दुपारपर्यंत आम्ही ट्रंकेतली चित्रं खुणा करकरून लावत होतो. आबा एकदाही चुकले नाहीत. स्टिरिओस्कोप बाजूला ठेवला, की मात्र डावीकडून पुढे केलेला हातही त्यांना कळेना. डॉक्टरांनी पापणी उचलून पाहिली. आत काहीच नव्हतं. त्यांनी विचारलं, मग दिसतं कसं?

“त्ये तुमी शोधा डॉक्टर. मी बघतो.”

आम्ही तिघंही पोट धरून हसलो. हसता हसता आबांच्या उजव्या डोळ्याला धार लागली. डॉक्टरांनी ट्रंकेतलं एकही चित्र घेतलं नाही. उलट तिकिटासकट आपला घाट तिच्यात ठेवला आणि स्वतः झाकण लावलं. ट्रंक खांद्यावर घेऊन आबा स्टँडवर असे निघाले, जणू कुस्तीची गदाच जिंकली आहे! कबनूरच्या सर्व्हिस मोटारीत शिरताना मोठ्यानं म्हणाले, “सरा पावणं, आत माझा जीव हाय!”

पुढे मी पुस्तकं धुंडाळली, डॉक्टरांनी डोळ्यांच्या तज्ज्ञांना पत्रं लिहिली. उत्तर कुणापाशीच नव्हतं, माझ्यापाशी आजही नाही. आबांनी ते कधी विचारलंही नाही. पुढच्या रविवारी दहाच्या ठोक्याला ते दारात हजर होते... दोन नवे पुठ्ठे घेऊन.