ताईचा माउथ ऑर्गन ऐकायला गुरुग्रामला

मी नागपूरहून दिल्लीची गाडी पकडली ती माझ्या थोरल्या बहिणीसाठी. वैशालीताई आठ महिन्यांनी स्टेजवर वाजवणार होती. फोनवर म्हणाली होती, "तू येऊ नको. फजिती झाली तर तुझ्यासमोर नको." म्हणूनच रजा टाकली.

ताई सरकारी अधिकारी. बारा वर्षांपासून एका फंक बँडमध्ये माउथ ऑर्गन वाजवते. फंक म्हणजे बेस आणि ड्रम मिळून असा ठेका धरतात की खुर्चीतल्या माणसाचेही पाय हलू लागतात. बाबांनी तिला वाजवायला शिकवलं, जयंतीच्या कार्यक्रमांत तिचा हात बसला, आणि दिल्लीत ती या बँडच्या पोरांना सापडली. गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी तिच्या चेहऱ्याची उजवी बाजू लुळी पडली. ओठ नीट मिटेनात. फुंकर मारली की हवा कोपऱ्यातून निसटायची. महिनोन्महिने ती आरशासमोर बसून फुगे फुगवत होती.

शनिवारी ताईच्या मयूर विहारच्या घरून आम्ही मुनिरकाला रिहर्सलला गेलो. मेट्रोच्या ब्लू लाइनने बोटॅनिकल गार्डन, तिथून मॅजेंटा. एकदाच गाडी बदलायची, आणि भाडं टॅक्सीच्या मानाने काहीच नाही. स्टेशनवरून चालत गल्लीत शिरायचं. जिना अरुंद आहे, सामान कमी न्या.

वरच्या खोलीत ताईचा लांब सूर दोनदा तुटला. बँड उभा करणारा इम्रान बेस वाजवतो; त्याने तिच्याकडे न बघता विचारलं, "दीदी, सोलो रखूँ या हटा दूँ? आप बोलिए."

ताईने बाजा रुमालाने पुसला. बराच वेळ पुसला. मग म्हणाली, "रखो."

रविवारी हौज खासला यलो लाइन पकडून गुरुग्राम गाठलं. एका मोठ्या सोसायटीच्या लॉनवर दुपारचा मेळा होता. छोले-कुलचे चांगले होते, पण मी प्लेट अर्धीच ठेवून स्टेजसमोर जागा धरली.

ताईचा सोलो आला. तिने बाजा ओठांच्या डाव्या बाजूला सरकवला. पहिलाच सूर फाटला, माइकमधून नुसती हवा ऐकू आली. मी मान खाली घातली. पण ती थांबली नाही. लांब सूर टिकत नाही म्हटल्यावर तिने त्याचे तुकडे केले, छोटे, टोकदार, बरोबर ठेक्यावर. ड्रमवाल्याने ते उचलले, इम्रान हसत पुढे आला. मुलाला कडेवर घेतलेली एक बाई नाचायला लागली, मग तिच्या मागची रांग. शेवटी ताईने डोळे मिटून एक सूर धरला, आणि तो टिकला. मी मोजत होते, मोजायचं विसरले. सगळं लॉन उभं होतं.

खाली उतरल्यावर इम्रान म्हणाला, पुढच्या वेळी दोन सोलो. ताई हसली. ओठाचा उजवा कोपरा किंचित वर गेला. तिला कळलं नाही, मला दिसलं.

नागपूरला परतून आठवडा झाला. लाल किल्ला राहिला, त्याचं काही वाटत नाही. इतकी वर्षं कुणी विचारलं की मी सांगायचे, बहीण दिल्लीला मोठ्या हुद्द्यावर आहे, फावल्या वेळात वाजवतेही. परवा ऑफिसात कुणीतरी विचारलं. मी म्हटलं, "माझी बहीण वादक आहे. नोकरीपण करते."