दुलीचंदच्या पेटीसमोरचं पोतं

कुडापलीकडून फुलवंताचा आवाज आला, "पोरीले दवाखान्यात नेता का नाही? पाय सुजून राहिला तिचा."

"मनीराम येऊ दे. मंतर मारन, मंग नेऊ," तिचा नवरा दुलीचंद म्हणाला.

"तो कोणत्या गावाले गेला हेच ठाऊक नाही, अन् तुम्ही वाट पाहून राहिले."

"तुलेच जास्त समजते का?"

मी अलीकडे मोहफुलं वाळू घालत होती. त्यांच्या सात वर्षांच्या नीतूला सकाळी मोहाखाली फुलं वेचताना घोणस चावली होती. दरेकशाहून दवाखान्यात न्यायला गाडी मिळाली असती. पण नवरा-बायकोच्या भांडणात आपण कायले पडा, म्हणून मी चूप राहिली. एरवी माझं तोंड कोणी बंद करून दाखवावं.

मनीराम पुजारी दुपारी आला. पोरीला पाहून खालीच बसला. "माझ्यासाठी काऊन थांबले रे?" एवढंच बोलला. संध्याकाळच्या आत नीतू गेली.

पुढच्या वर्षी शहरातल्या विज्ञान संग्रहालयाची रश्मी मॅडम आली. म्हणाली, "तुम्ही संग्रहालयात येत नाही, म्हणून संग्रहालयच पेटीत घालून आणलं." पेटीत प्लास्टरचे साप. मी नागाला हात जोडले, मग पाहिलं तर शेपटीवर नंबर लिहिलेला. सगळे हसले. दुलीचंद हसला नाही, पेटीजवळून हललाही नाही. मॅडमला म्हणाला, "हे मी फिरवू का गावोगाव?"

तेव्हापासून सोळा वर्षं फिरवली. संग्रहालयातून पेटी आणायची, रेल्वेनं, मग सायकलवर, जंगलातल्या टोल्याटोल्यांवर, लहान लहान वस्त्यांवर. आधी साप काढत नसे, पिशवीतून भिंतीवर टांगायचं मोठं घड्याळ काढे. "इलाज मंतरात नाही, दोरीच्या गाठीत नाही. ह्याच्यात हाय," म्हणून काट्यावर बोट ठेवी.

अन् पेटीसमोर एक लहान पोतं अंथरी. त्यावर कोणाला बसू देत नसे. लोकांना वाटलं, ही नागाची गादी. बाया त्यावर मोहफुलं वाहू लागल्या. साप दूध पीत नाही, डूख धरत नाही, हे घसा सुकेपर्यंत सांगणारा माणूस, पोत्याबद्दल मात्र अक्षर बोलेना. मला ठाऊक होतं. नीतू शाळेत त्याच पोत्यावर बसायची. स्टेशनच्या बाकावरही तो कडेला सरकून बसे, पोरीपुरती जागा सोडून. एकदा मी थकून तिथं टेकायला गेली, पण धीर झाला नाही. उभीच राहिली.

त्याला धास्ती एकच होती, मनीरामच्या दारात आणखी एखादं पोर वाट पाहत पडलं असेल. दरवर्षी मनीरामच्या टोल्यावर पेटी नेई. मनीराम घराबाहेर येत नसे.

मग मागच्या पावसाळ्यात, रोवणीत, मनीरामच्याच नातीला, रीनाला, धानाच्या बांधीत साप चावला. म्हाताऱ्यानं मंतराचं लिंबूसुद्धा हाती घेतलं नाही. घड्याळ पाहिलं, अन् पोरीला मोटारसायकलवर बसवून दवाखान्यात धाडलं. पोरगी वाचली.

यंदा मोहाच्या दिवसांत दुलीचंद पेटी घेऊन तिकडे निघाला. माझ्या बहिणीचं घर त्याच टोल्यावर, म्हणून मीही गेली. पहिल्यांदाच मनीराम आला, रीनाचा हात धरून. जागा सारी भरलेली. रीना पोत्याकडे गेली.

"तिथं नको वो," एक बाई म्हणाली, "नागाची गादी हाय ते."

दुलीचंद पोत्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "नागाची नाही. माझ्या नीतूची हाय. बस बाई."

रीनानं फुलं बाजूला केली अन् अर्ध्या पोत्यावर बसली. अर्धं तिनं रिकामंच सोडलं. तिला कोणी सांगितलं नव्हतं. मनीराम मागे खालीच बसला, त्या दुपारी बसला होता तसाच. दुलीचंदनं घड्याळ काढलं अन् काट्यावर बोट ठेवलं.

पंधरा दिवसांनी दुलीचंद झोपेतच गेला. रीना पोत्यावर बसली त्या दिवशी मात्र त्यानं नेहमीसारखे साप मोजून पेटीत ठेवले, पोतं झटकून चार घड्या घातल्या, फुलं झाडाच्या बुडाशी टाकली, अन् पेटी परत करायला स्टेशनवर येऊन बाकाच्या कडेला सरकून बसला.