उन्हाळी

भूत, भानामती, अंगात येणं... या सगळ्यावर माझं एकच उत्तर असायचं: आधी रक्त-लघवी तपासा. मी सर्जन आहे. जे दिसतं, हाताला लागतं, तेच मी मानते. तरीही हे लिहिते आहे, कारण हा प्रकार वर्गातल्या सगळ्यांनी ऐकला, आणि मला त्याचा राग अजून येतो.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका मेडिकल कॉलेजात मी शिकवत होते. कापसाची ती वाईट वर्षं होती. विष घेतलेला माणूस आला की कॅमेरेवाले थेट खाटेपर्यंत यायचे. पण ज्याची लघवी अडली आहे, त्याची बातमी कोण करणार? यूरोलॉजिस्टची पोस्ट रिकामीच होती. म्हणून तो विषय माझ्याकडे. पोरांच्या लेखी यूरोलॉजी म्हणजे परीक्षेतली एक शॉर्ट नोट.

मे महिना, दुपारचं लेक्चर. लोडशेडिंगमुळे पंखे बंद, माईक बंद. हॉलला दार एकच, माझ्या टेबलाशेजारी. मी विचारलं, "लघवी होत नाही म्हणून पेशंट आला, तर आधी काय कराल?"

कुणीतरी म्हणालं, "सोनोग्राफी."

"वीज नाहीये!" मी ओरडले.

तेवढ्यात शेवटच्या बाकाकडून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला. स्पष्ट, खणखणीत. "अवो बाई, त्याले ऊन नाही लागलं, उन्हाळी लागली. सकायपासून एक थेंब नाही उतरला. कोनी पोट तं पाहा!"

वर्ग खदाखदा हसला. शेवटचा बाक रिकामा होता.

माझं डोकंच फिरलं. "कोण आहे हा नकलाकार? उभा राहा! ज्यांच्या अंगावर तुम्ही शिकता, त्यांच्या बोलीची टिंगल करता?"

कुणी उठेना. मग पुण्याचा साकेत चाचरत उभा राहिला. "मॅडम, मी नाही केली नक्कल... पण उन्हाळी म्हणजे ऊन लागणंच ना?"

"लघवीला जळजळ होते, थेंब थेंब होते, त्याला उन्हाळी म्हणतात. का विचारतोस?"

त्याचा चेहरा उतरला. "सकाळी कॅज्युअल्टीत एक चाचा म्हणत होते, 'उन्हाळी लगी है, बेटा.' मी हीट स्ट्रोक लिहिलं. ड्यूटीवरच्या सरांनी सही केली. मेडिसिनच्या वॉर्डात आहेत... सलाईन चालू आहे."

लघवी अडलेल्या माणसाला सलाईन! मी अख्खा वर्ग घेऊन निघाले.

शब्बीरभाई, बाभुळगावचे ट्रॅक्टर मेकॅनिक, वय साठीच्या पुढे. गाढ झोपलेले. सिस्टर म्हणाल्या, "लई तळमळून राह्यले होते मॅडम, म्हणून झोपेचं इंजेक्शन दिलं सरांनी." मी चादर काढली. मूत्राशय बेंबीच्या वर, टणक. सकाळपासून त्या पोटावर एकानेही हात ठेवला नव्हता. आणखी उशीर झाला असता तर किडन्या गेल्या असत्या. मी साकेतचा हात धरून तिथे टेकवला. "हे आधी करायचं. कळलं?" कॅथेटर घातला, पिशवी भरली, दुसरी लावली. माणूस वाचला.

दुसऱ्या दिवशी ते बोलायला लागल्यावर मी विचारलं, "कल साथ में कौन औरत थी?"

"कोई नहीं, मॅडम. गॅरेज से सीधा अकेलाच आया."

त्यांची आई वारलेली असेल, असं आमच्या भूलतज्ज्ञ बाईंनी लगेच ठरवून टाकलं. तसं असतं तर गोष्ट छान जुळली असती. पण अम्मी संध्याकाळी एसटीने आल्या. तब्येत ठणठणीत, पण आवाज बसलेला, घोगरा, आणि सगळं बोलणं हिंदीत. मी मुद्दाम त्यांना बोलतं ठेवलं.

"क्यूँ गे डॉक्टरनी, इतनी बातां क्यूँ करवा री मेरे से? ससुराल में भी इतना कोई नहीं पूछा!" त्या हसल्या.

तो आवाज यांचा नव्हता. आजूबाजूला उभ्या पोरांनीही माना हलवल्या.

मग मी शक्यता मांडल्या आणि एकेक खोडत गेले. स्पीकर नाही, वीजच नव्हती. खिडकी म्हणाल तर हॉल वरच्या मजल्यावर, खाली मोकळं मैदान. नक्कल? सकाळचं ते बोलणं फक्त साकेतने ऐकलं होतं, आणि त्याला तर शब्दाचा अर्थच ठाऊक नव्हता. तो पहिल्या बाकावर, माझ्यासमोर बसला होता. शिक्षा नाही, बक्षीस देईन, असं मी त्या बॅचला कितीदा सांगितलं. आजवर कुणी पुढे आलं नाही.

आवाज कुणाचा होता, मला माहीत नाही. माहीत असल्याचा आव मी आणणार नाही. पण पोट बघा, एवढं सांगायला एवढ्या मोठ्या दवाखान्यात त्या बाईला यावं लागलं... ती जिथून कुठून आली असेल तिथून! याची मला आजही चीड येते.