तीन वाजताची बाई

आमच्या चाळीच्या गॅलरीत दोन गोष्टींना जागा कधी पुरत नाही. वाळत घातलेले कपडे आणि किस्से. एकाचं पाणी दुसऱ्यावर ठिबकतं, आणि कोण कुणामुळे भिजलं ते शेवटी कळत नाही. लालबागला तिसऱ्या मजल्यावर चौतीस वर्षं काढली मी. लोकांचे किस्से सांगून जीभ गुळगुळीत झाली आहे. हे आता सांगते ते सांगताना मात्र अडखळायला होतं, कारण सगळ्यांत कुठे ना कुठे मीच आहे.

दोन दारं सोडून दाजींची खोली. गिरणी बंद झाल्यापासून दाजी घरी. त्यांची एकुलती मुलगी सुप्रिया एका हॉस्पिटलात नर्स, कायमची नाईट ड्युटी. घर तिच्याच पगारावर. सकाळी येणार, चार घास खाणार आणि दिवसभर झोपणार. तिला झोपू द्यायचं म्हणून दाजी दुपारभर खाली मंडळाच्या ऑफिसात पेपर वाचत बसणार. खोलीला गॅलरीकडे उघडणारी एकच खिडकी. बंद केली तर जीव घुसमटतो, म्हणून ती सताड उघडी.

एका दुपारी ही पोरगी जोरात किंचाळली. सगळ्यात आधी कोण पोचलं? मी. हातात बादली तशीच. ती घामाने निथळत होती.

"मावशी, मी जागी होते. डोळे उघडे. पंखा दिसत होता, कॅलेंडर दिसत होतं. पण बोटसुद्धा हलेना. छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखं. आणि खिडकीत एक बाई उभी."

मी तिला चहा दिला आणि प्रश्न विचारायला बसले. चहा गार झाला, माझे प्रश्न संपले नाहीत.

*

माझं मत पडलं, उशाशी लोखंड हवं. कुणाला न सांगता सासूबाईंचा अडकित्ता मी तिच्या उशीच्या अभ्र्यात सरकवला.

तिसऱ्या दिवशी सुप्रियाची मान अशी आखडली की हाक मारली तर ती अख्खी वळायची. हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी विचारलं, पडलात का कुठे? संध्याकाळी तिने गॅलरीत सगळ्यांसमोर उशी झटकली. माझा अडकित्ता पडला. मग एक सुरी पडली, ती शेजारच्या कुसुमची. मग दाजींचा गिरणीतला पाना!

"ही उशी आहे की हार्डवेअरचं दुकान?" सुप्रिया म्हणाली.

सगळे हसले, मीही हसले. अडकित्ता कुणाचा, असं कुसुमने विचारलं तेव्हा मात्र मी दोरीवरचे कपडे वाळलेत का ते बघायला लागले.

*

आता हा व्हॉट्सॲपचा. माहेरच्या ग्रुपवर मी फक्त उपाय विचारला होता, देवाशप्पथ. 'आमच्याकडे एक नर्स आहे, झोपेत तिच्या छातीवर कोणीतरी बसतं, काय करावं?' नाव लिहिलं नाही. तेवढी अक्कल आहे मला.

चौथ्या दिवशी प्रभादेवीला राहणाऱ्या बहिणीने मलाच मेसेज पाठवला. 'लालबागमधली खरी घटना. नर्सच्या चुकीने गेलेला पेशंट रोज दुपारी तिच्या छातीवर येऊन बसतो. अकरा जणांना पाठवा.' खाली बहिणीने स्वतःचं जोडलेलं, 'नलू, तुमच्याच भागातलं आहे. दार लावून झोप.'

खोटं कशाला बोलू, आधी अंगावर काटा आला. दोनदा वाचल्यावर कळलं, हे तर आपल्याच घरून निघालंय.

*

तोच मेसेज मंडळाच्या ऑफिसात कुणीतरी दाजींना दाखवला. संध्याकाळी ते माझ्या दारात येऊन उभे राहिले. आत या म्हटलं, आले नाहीत. शिव्या घातल्या असत्या तर मीही तोंड सोडलं असतं. ते हळूच म्हणाले,

"नलू, माझ्या चेडवाचा लगीन व्हायचा आसा अजून."

मुलीच्या लग्नाचं एवढंच बोलून गेले. आमचे हे आत टीव्ही बघत होते. त्यांनी टीव्ही बंद केला आणि तसेच काळ्या काचेकडे बघत बसले. माझ्याकडे बघितलं नाही.

त्याच आठवड्यात सुप्रिया ड्युटीवर पेंगली आणि एकाचं इंजेक्शन दुसऱ्याच्या कॉटपर्यंत घेऊन गेली. टोचलं नाही, वेळेवर शुद्ध आली. पण इन्चार्ज सिस्टरने बजावलं, महिनाभरात झोपेचं काय ते बघ, नाहीतर नोकरी सोड. दिवसपाळीला जागा नव्हती.

*

मग तिने त्यांच्याच हॉस्पिटलातल्या डॉक्टरांना दाखवलं, आणि येऊन आम्हाला गॅलरीत सांगितलं. भूतबीत काही नाही. रात्र-रात्र जागून झोप बिघडते, मग डोळे आधी उठतात आणि अंग मागाहून. ठरल्या वेळी झोपायचं, उताणं झोपायचं नाही. आणि अंग अडकलंच, तर कुणी नावाने हाक मारली, हात लावला, की सुटतं.

"आणि ती खिडकीतली बाई?" मी विचारलं. राहवतंय कुठे मला.

"ती तीनच्या सुमाराला येते, मावशी. उजेड पाठीमागे, त्यामुळे तोंड काळं. डोकं मोठं, पांढरं. गज धरून मान तिरकी करते आणि आत बघत राहते. आणि एक आवाज काढते हो तोंडाने. तो आवाज आला की मला वाटतं, आता आत येणार."

इतकी कळवळले मी. म्हटलं, "च्च, च्च. बिचारी."

सुप्रियाचा चेहरा एकदम पांढरा पडला. कुसुमने माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाली, "नलू, डोक्यावरचा पंचा काढ."

आता उन्हाळ्यात डोक्यावर ओला पंचा ठेवायची माझी सवय. तीनला नळाला पाणी येतं, तेव्हा बादली घेऊन जाते. जाता जाता पोर झोपली का, टोपावर झाकण आहे का, एवढंच बघायची मी. पोरीच्या झोपेचे हाल बघून तोंडातून च्च निघायचं, ते मला कुठे ठाऊक?

सुप्रिया आधी खूप हसली. मग हसता हसता रडायला लागली. शेवटी डोळे पुसून माझा हात धरला. "अंग अडकतं ते ड्युटीमुळे, मावशी. तुमच्यामुळे नाही. घाबरले ती मात्र तुम्हाला."

*

त्या दिवसापासून पंचा बंद आणि मान खाली. बादली उचलायची, फरशी मोजत नळावर जायचं. कुसुम म्हणायची, नवी नवरी निघाली बघा. म्हणो. दहा-बारा दिवस बरे गेले. सुप्रियाच्या डोळ्यांखालचं काळंही उतरायला लागलं होतं.

मग एका दुपारी, मी खिडकीसमोर आले आणि आतून आवाज आला. बारीक, मिटल्या तोंडाने कण्हल्यासारखा. माझे पाय थांबले. एक हाक मारायची होती फक्त. पण पलीकडे कुसुम शेंगा सोलत बसलेली. वाटलं, आता मान वळवली की ही म्हणणार, गेली परत मूळपदावर. मी बादली या हातातून त्या हातात घेतली आणि पुढे गेले.

संध्याकाळी सुप्रिया दारात. युनिफॉर्म घातलेला, खांद्याला पर्स, ड्युटीला निघालेली.

"मावशी, दुपारी माझ्या खिडकीसमोर थांबला होतात ना?"

"थांबले," मी म्हटलं, "पण आत बघितलं नाही हो, आईशप्पथ." अगदी ताठ मानेने सांगितलं.

"ठाऊक आहे. मला तुमचा कान दिसत होता. कानातलं दिसत होतं. मी आतल्या आत मावशी, मावशी करत होते."

ती पर्स सावरत उभी राहिली, मग म्हणाली,

"चौतीस वर्षं सगळ्यांच्या खिडक्यांतून बघितलंत, आणि आज नेमकं नाही बघितलंत?"